टाकी फुल, हिशेब रिझर्व्हला

मराठी माणूस गाडी घेताना आधी रंग बघतो, मग डिकी उघडून बघतो, मग शेजारच्यांच्या गाडीपेक्षा ही चार बोटं तरी उंच आहे ना, हे जरा लांब जाऊन, डोळे बारीक करून बघतो. हे सगळं झालं, बुकिंगची पावती खिशात पडली, पेढे वाटून झाले, की शोरूममधल्या पोराला विचारतो, ‘‘अ‍ॅव्हरेज किती देते?’’ पोरगा कंपनीचा आकडा सांगतो. त्या आकड्याचं पत्रिकेतल्या गुणांसारखं असतं. जुळले तर उत्तम, नाही जुळले तरी हॉलचे पैसे भरून झालेले असतात.

देशात सध्या खपणाऱ्या नव्या मोटारींमध्ये निम्म्याहून जास्त त्या उंच, रुंद, डोंगर चढायच्या आवेशातल्या गाड्या असतात. त्यातल्या बहुतेकींना जन्मभरात चढायला मिळतो तो सोसायटीचा रॅम्प. दीड टन लोखंड एका माणसाला आत बसवून कोथिंबीर आणायला जातं, आणि परत आल्यावर तो एक माणूस पेट्रोल कसं वाचवावं यावर कुटुंबाला व्याख्यान देतो. वाचवायचं कुठे? अर्थात पंपावर. गाडी घेताना वाचवलेलं कुणाला दिसत नाही. पंपावर वाचवलेलं चारचौघांत सांगता येतं.

या वाचवणाऱ्यांत बरेच पंथ आहेत. त्यातला सर्वांत कर्मठ पंथ पहाटवाल्यांचा. पेट्रोल थंड असताना घट्ट असतं, उन्हं चढली की फुगतं, म्हणून सूर्योदयाच्या आत टाकी भरावी, हे त्यांचं मुख्य सूत्र. सूत्रात खोट नाही. एक अंश तापमान वाढलं की पेट्रोल साधारण हजारात एक भाग फुगतं, हे कोणीही रसायनवाला सांगेल. पण पंपाची टाकी असते जमिनीखाली, आणि तिथे दिवस उगवला की मावळला याची फारशी दखल घेतली जात नाही. तरी उदार मनाने एक अख्खा अंश देऊन टाकू. पस्तीस लिटरवर फायदा झाला पस्तीस मिलिलिटर, म्हणजे साडेतीन रुपये. एवढ्यासाठी साडेपाचचा गजर, बायकोची झोपमोड आणि नंतर ‘आता उठलोच आहे तर’ म्हणून घेतलेला अमृततुल्य चहा. चहाच साडेतीन रुपयांत येत नाही.

पहाटेला आणखी एक महत्त्व आहे. १६ जून २०१७ पासून पेट्रोलचा दर देशभर रोज ठरतो आणि सकाळी सहाला लागू होतो. त्याआधी तो पंधरवड्याने बदलायचा आणि बदलायच्या आदल्या रात्री पंपावर गर्दी व्हायची. गावातली सगळी परिचित मंडळी एका जागी भेटायची, कुणाच्या मुलीचं कुठे ठरलं हे कळायचं. रोजच्या दराने ती सोय गेली. पण पहाटवाल्यांनी धीर सोडला नाही. ते रोज सहाला मोबाइलवर दर बघू लागले. आणि गंमत अशी की एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत तेल कंपन्यांनी आपण होऊन तो हलवलाच नाही. मधे केंद्राने आणि राज्याने कर कमी केला तेव्हा तो खाली आला, एरवी रोज सकाळी सहा वाजता दर ठरायचा आणि तो कालचाच ठरायचा. भारत जे कच्चं तेल घेतो ते जून २०२२ मध्ये पिंपाला ११६ डॉलरच्या आसपास होतं, वर्षभराने पंचाहत्तरच्या घरात आलं. खाली येताना ते आपल्या पंपावरून गेलं नाही, एवढंच.

दुसरा पंथ एकशेदहावाल्यांचा. हा सर्वांत मोठा. शंभर, दोनशे, पाचशे अशा राऊंड फिगरला पंपवाल्याने मशीनमध्ये ‘सेटिंग’ करून ठेवलेलं असतं, तेव्हा एकशेदहाचं, दोनशेदहाचं, पाचशेतीसचं टाकावं, म्हणजे मशीन गोंधळतं, असा हा विचार. आता परिस्थिती अशी आहे की पंपावर शंभरचं मागणारा माणूस भेटला तर पोरगा त्याच्याकडे परगावचा पाहुणा म्हणून बघतो. सगळं राज्य एकशेदहाचं भरत असताना ‘सेटिंग’ करणारा अजून शंभरवरच अडून बसला असेल, हा पंपवाल्याच्या बुद्धीचा अपमान आहे. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले, तेव्हा मशीनच्या पोटात बसवलेल्या चिप सापडल्या होत्या. त्या प्रत्येक लिटरमध्ये हात मारायच्या. समोरचा शंभरचं मागतोय की एकशेदहाचं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

यावर खरा उपाय कायद्यात आहे आणि तो फुकट आहे. वैधमापन खात्याने पडताळून दिलेलं पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं की मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरचा फरक नियमात बसतो, त्यापलीकडे तक्रार करता येते. हे बोर्डावर लिहिलेलंही असतं. आमच्या भागातल्या पंपावर एका रविवारी सकाळी एका निवृत्त गृहस्थांनी तो बोर्ड वाचला.

‘‘काका, कितीचं टाकू? झीरो बघा.’’

‘‘झीरो राहू दे. आधी माप आण.’’

‘‘कसलं माप?’’

‘‘पाच लिटरचं. तुमच्याकडे असतं.’’

पोराने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने आभाळाकडे. मग ऑफिसातल्या कपाटामागून माप निघालं. अरुंद गळ्याचा, पत्र्याचा भांडंवजा डबा, गळ्याला काचेची पट्टी, पट्टीशेजारी रेघा, आणि आत कुणीतरी वाळत घातलेलं फडकं. फडकं निघालं, माप पुसलं गेलं, सपाट जागा शोधली गेली. काकांनी चष्मा बदलला आणि गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवून उकिडवे बसले. पेट्रोल काचेत चढलं आणि रेघेच्या किंचित खाली थांबलं.

‘‘दहा मिलि कमी,’’ काका म्हणाले.

‘‘काका, पंचवीसपर्यंत चालतं.’’

काकांनी मोबाइल काढून गुणाकार केला. दहा मिलि म्हणजे एक रुपया. एव्हाना पाव तास झाला होता आणि मागे आठ गाड्या एसीसकट घुरघुरत उभ्या होत्या. मोटारीचं इंजिन नुसतं उभ्याउभ्या तासाला पाऊणएक लिटर पितं. म्हणजे एक रुपयाचा छडा लावायला त्या रांगेने मिळून दीडशे रुपयांचं पेट्रोल फुंकलं. हॉर्न वाजवायला लागलेली वीज वेगळी. शेवटी मापातलं पाच लिटर काकांच्या टाकीत ओतायची वेळ आली तेव्हा कळलं की काकांना हवं होतं दोनशेदहाचं.

मी काकांच्या बाजूचा आहे, हे इथे स्पष्ट करतो. प्रत्येक पंपावर महिन्याला असे चार काका येत असते, तर चिप बसवायची कुणाची छाती झाली नसती. पण आपल्याला असा काका पुढे असायला हवा असतो, फक्त आपण त्याच्या मागे रांगेत नको असतो.

घाटातल्या पंथाबद्दल हसत लिहिता येत नाही. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, जमलं तर किल्लीही फिरवायची आणि फुकटात खाली यायचं, असा हा प्रकार. वडिलांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत यात थोडं तथ्य होतं. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारं पेट्रोल आपोआप बंद होतं. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला उलट थोडं लागतं. म्हणजे वाचवायला जातो तो जाळून येतो, आणि इंजिनाचा धरून ठेवणारा जोर गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्या ठोकरल्या, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. अजूनही कुणी कात्रजचा बोगदा ओलांडताना ‘आता नवलेपर्यंत पेट्रोलच लागत नाही’ असं कौतुकाने सांगतो, तेव्हा शेजारी बसलेल्याने पट्टा तपासून घ्यावा.

सरहद्दीवरच्या लोकांचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरलं. सिंधुदुर्गातल्या पुरुषमंडळींना गोवा आधीपासूनच अनेक कारणांनी जवळचा. आता त्यात घरात उघडपणे सांगता येईल असं एक कारण मिळालं. ‘‘वायच टाकी भरून येतंय,’’ एवढं म्हटलं की पुरे. पुढे तो कर हळूहळू परत आला, तरी दोन राज्यांच्या दरांत सात-आठ रुपयांचं अंतर बरीच वर्षं टिकलं.

आता हिशेब. सावंतवाडीहून पत्रादेवीला जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर होतात. पंधराचं अ‍ॅव्हरेज धरलं तर सव्वादोन लिटर, म्हणजे सव्वादोनशे रुपये, टाकी भरायला जाण्यातच गेले. पस्तीस लिटरला आठ रुपयांप्रमाणे वाचले दोनशे ऐंशी. निव्वळ नफा पंचावन्न रुपये. हा नफा पदरात पाडून सरळ घरी आलेला माणूस अजून कोकणात जन्माला यायचा आहे. ‘एवढं इलंव हत तर’ या चार शब्दांनी सिंधुदुर्गाची जेवढी बचत बुडवली तेवढी कुठल्या पतसंस्थेने बुडवली नसेल. मग थाळी होते, थाळीआधी थोडंसं होतं, आणि येताना डिकीत काहीतरी खळखळतं. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडायची वेळ आली, की त्या दिवसाचं पेट्रोल राज्यात सर्वांत महाग पडतं. परभणीपेक्षाही.

परभणीचं नाव निघालं म्हणून सांगतो. तिथे तेल येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, तीनशेहून जास्त किलोमीटर टँकरने. त्यामुळे ‘राज्यात सर्वांत महाग पेट्रोल’ ही बातमी आली की गावाचं नाव बघायची गरज नसते. जगात जर्मनी, भारतात परभणी, हे तिथल्या पंपावर तरी तंतोतंत खरं आहे. बिचाऱ्या परभणीकराला पळून जाऊन भरायला सरहद्दही सोयीची नाही. जवळ आहे ती तेलंगणाची आणि तिथलं पेट्रोल काही स्वस्त नाही. उलट नवापूरकराचं नशीब बघा. त्याचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावर एका टोकाला महाग पेट्रोलचं राज्य, दुसऱ्या टोकाला स्वस्त पेट्रोलचं. गाडी फलाटावर आणता येत नाही, हीच काय ती अडचण.

सीएनजीवाल्यांना या चर्चेत घेतलं तर ते फक्त मंद हसतात. त्यांचं वाचतं, यात शंका नाही. त्यांची डिकी गेलेली असते, त्यामुळे सासूबाईंची बॅग मांडीवर घेऊन प्रवास होतो, आणि रांगेत ‘प्रेशर नाही’ हे दोन शब्द ऐकण्यासाठी त्यांनी आयुष्याचा एक मोठा भाग दिलेला असतो. रात्री अकरानंतर ज्याचा फोन लागत नाही तो एकतर प्रेमात असतो किंवा सीएनजीच्या रांगेत.

शिकलेल्या मंडळींचा पंथ कार्डाचा. यांच्या पाकिटात इंधनासाठी वेगळं कार्ड असतं. कार्डाने पैसे दिले की एक टक्का अधिभार लागतो, तो नंतर परत मिळतो, त्यावरचा जीएसटी परत मिळत नाही, आणि हे सगळं बिल अमुक रकमेच्या वर आणि तमुक रकमेच्या खाली असेल तरच. त्यावर पॉइंट मिळतात. पॉइंटचं पेट्रोल मिळतं, पण पॉइंटला वय असतं आणि आपल्याला कळेपर्यंत ते झालेलं असतं. असा एक तरुण मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर शंभरची मर्यादा असताना एकशेवीसने जातो, एका बाजूच्या टोलचे तीनशेवीस रुपये फास्टॅगमधून कटल्याचा मेसेज न वाचता पुसतो, आणि फूड मॉलजवळच्या पंपावर न भरता वीस मिनिटं आडवाटेने पुढे जातो. कारण त्याचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या पंपाचं असतं.

शिवाय टाकीत आपण जे भरतो ते सगळं पेट्रोल असतं, असंही नाही. त्यातला पाचवा हिस्सा आता इथेनॉल, म्हणजे ऊस, मका आणि तांदूळ. वीस टक्क्यांचं हे लक्ष्य आधी २०३० साठी होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठलं. वेळेआधी झालेलं दुसरं सरकारी काम पटकन आठवत नाही. लिटरभर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. इथेनॉल डोळ्यापुढे न ठेवता बनवलेल्या जुन्या मोटारींचं अ‍ॅव्हरेज यामुळे सहा-सात टक्क्यांनी उतरेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं होतं. म्हणजे पहाटे उठून हजारात एक कमवायचं आणि दिवसभर शंभरात सहा घालवायचे. पुण्या-मुंबईचा मराठी माणूस यावर पेटून उठला असता, पण गावाकडे चुलतभावाचा ऊस उभा असतो. दिवाळीत जाऊन तोंड दाखवायचं असतं.

एवढं सगळं वाचवून झाल्यावर पेट्रोलची किंमत कशाने बनते हे बघायचं त्राण कुणात राहत नाही, आणि सरकारांची तीच अपेक्षा असावी. मे २०२२ नंतर जवळजवळ तीन वर्षं लिटरमागे १९ रुपये ९० पैसे केंद्राचे होते. एप्रिल २०२५ मध्ये त्यात आणखी दोन आले, ते पंपावरच्या दरात दिसले नाहीत म्हणून कुणी दखल घेतली नाही. राज्याचा व्हॅट तेलावर लागतो तसा केंद्राच्या या करावरही लागतो. कराला कर लागतो आणि तो भरून आपण टायर ट्यूबलेस असल्याचं समाधान मानतो. शिवाय राज्याचा अधिभार. त्याची कुंडली मांडण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळ होता म्हणून लिटरमागे दोन रुपये लागले. पुढे पाऊस पडला, पूर आले, दोन रुपये काही वाहून गेले नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महामार्गांलगतचे बार बंद झाले, महसूल आटला, तर पेट्रोलवर आणखी तीन रुपये चढले. न पिणाऱ्या माणसाने महामार्गावरून जाताना, दुसऱ्याला प्यायला मिळत नाही याची भरपाई केली. इतकी निरपेक्ष समाजसेवा गाडगेबाबांच्या या भूमीतही क्वचित झाली असेल. २०२० मध्ये लोक घरात कोंडलेले असताना तो पुन्हा वाढला, जुलै २०२२ मध्ये नवीन सरकार आल्या आल्या पाच रुपयांनी उतरला आणि उरला ५ रुपये १२ पैसे. हे बारा पैसे बघून मला अर्थखात्याबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. एकशेदहावाले तिथेही बसलेले दिसतात. राऊंड फिगर त्यांनाही नको असते.

तेव्हा वाचवायचंच असेल तर पंचांग बदलावं. अमावास्या-पौर्णिमेऐवजी निवडणूक आयोगाचं वेळापत्रक भिंतीवर लावावं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोटनिवडणुकांचे निकाल लागले आणि दोनच दिवसांत दिवाळीची भेट म्हणून उत्पादन शुल्क उतरलं. मग उत्तर प्रदेशासह पाच राज्यांत मतदान होऊन निकाल लागेपर्यंत, चार महिन्यांहून जास्त, कंपन्यांचा दर गोठून राहिला; तो २२ मार्च २०२२ ला जो वितळला तो पंधरवड्यात दहा रुपयांनी वर गेला. मार्च २०२४ मध्ये पेट्रोल दोन रुपयांनी उतरल्याची बातमी १४ तारखेला रात्री आली आणि १६ तारखेला लोकसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. त्याच वर्षी जुलैपासून मुंबई, ठाणे, नवी मुंबईत व्हॅट एका टक्क्याने कमी होऊन पेट्रोल ६५ पैशांनी उतरलं. विधानसभेला तेव्हा पाचेक महिने होते. विधानसभेच्या मानाने ६५ पैसे ठीकच. महापालिका निवडणुकीकडून मात्र कुणी अपेक्षा ठेवू नये. नगरसेवकाच्या हातात पेट्रोलचा दर नसतो. तो फार तर एखाद्या चौकात मोफत हवा भरून देईल.

आणि हवा तर पंपावर आधीपासूनच मोफत आहे. तशी पाटी असते. टायरमध्ये हवा बरोबर असली की अ‍ॅव्हरेज सुधारतं, हे पेट्रोल संवर्धनाच्या सरकारी पत्रकांत पहिल्या चार-पाच ओळींतच सापडतं. त्यामुळे मी परवा सगळ्या पंथांना नमस्कार करून गाडी सरळ हवेच्या मशीनपाशी नेली. रांग नव्हती. पाइप गुंडाळून खुंटीला टांगलेला होता.

‘‘हवा?’’ मी विचारलं.

‘‘हवेवाला जेवायला गेलाय,’’ पोरगा म्हणाला. ‘‘तिकडे नायट्रोजन भरून मिळेल. पैसे पडतील.’’

सकाळचे साडेनऊ वाजले होते.